विहीणबाईंनी एक्स-रेवाल्याला "न्हाय" सांगितलं

बायांनो, आज भिवंडीच्या दवाखान्यात माझं डोकं फिरलं.

माझी लेक पोटुशी हाय. उलट्यांनी पार गळाली, सलाईनला शीर सापडंना. मग डॉक्टरांनी दंडातून बारीक नळी काळजापाशी नेली. शीर सोनोग्राफीत बघितली, टोक कुठं पोचलं ते ईसीजीच्या रेषांवरून ओळखलं. म्हणाले, "मावशी, बाळासाठी एक्स-रे टाळलाय."

तासाभरात वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन आले. "नळी टाकली की एक्स-रे असतोच."

एक्स-रेवाल्यानं दारात विचारलं, "दिवस गेलेत का?"

लेकीच्या सासूनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, बाकावर बसलेल्या त्यांच्या गल्लीतल्या शेजारणीकडं बघितलं आणि सांगितलं, "न्हाय."

का, तर तीन महिने भरायच्या आधी बोललं की नजर लागते.

मी स्ट्रेचरला आडवी झाले. शेजारणीलाच मोठ्यानं म्हटलं, "हिला दिवस गेलेत गं, पेढे नंतर देते."

एक्स-रे थांबला. लेक गालात हसली. विहीणबाई फुगल्यात, म्हणे माझ्यासारख्या विधवेच्या तोंडून गोड बातमी फुटली.

फुटू दे. नजर लागली तर मीठमिरची ओवाळून टाकीन. एक्स-रे निघाल्यावर काय ओवाळायचं, ते सांगा तुम्हीच.