काकांचं ‘हो’

नरपडला आमच्या शेजारी चिकूची वाडी असलेले एक काका होते. पंचक्रोशीत कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चालवणारे ते एकटेच. तयार प्रोग्रॅम त्यांना बाजारच्या लोणच्यासारखे वाटत, म्हणून मूळ कोड आणून ते घरच्या कॉम्प्युटरवरच सगळं तयार करून घेत. नवी आवृत्ती घालताना मशीन एकेक सोय दाखवून विचारायचं, ही हवी का? फॅक्स, रेडिओ, जपानी अक्षरं. काका प्रत्येकाला ‘हो’ म्हणत.

“दारात आलेल्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, सर.”

एकदा सहामाहीसाठी मी काढलेला इंग्रजीचा पेपर त्यांच्याकडे छापायचा होता. परीक्षा दुसऱ्या दिवशी, आणि मशीन सकाळपासून जपानी अक्षरांत गुंतलेलं. दुपारी डिस्क भरली. जुनी आवृत्ती काढून टाकू का, असं मशीनने विचारलं, तेव्हा काकांना मी पहिल्यांदाच ‘नाही’ दाबताना पाहिलं.

“इतकी वर्षं राबली. आता हाकलू तिला?”

पेपर शेवटी मी तिथेच बसून शाळेच्या सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिलवर हाताने लिहिला. काकांनी तो चष्मा लावून वाचला आणि ‘कोणतेही चार प्रश्न सोडवा’ या ओळीवर थांबले.

“सगळेच सोडवू द्या ना पोरांना,” चिकूची बशी माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले. “उरलेल्यांनी काय पाप केलंय?”