देवापुढचं पाकीट

ती घटना मला अजून आठवते, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात उभा असताना.

मी तेव्हा वेल्ह्याच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पासलीच्या वरच्या अंगाला एका धनगरवाडीत पाहुण्यांना जेवण होतं. जेवून उठले तसे एकेकाला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्याने ठाण्याला कळवलं. घरातल्या मुलाने हळदीचं उघडं पाकीट सोबत आणलं होतं. आमटीला चव नव्हती आणि रंग मात्र भडक होता, असं सगळेच सांगत होते. पाकीट भोरच्या एका मोठ्या साखळी दुकानाचं होतं.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, त्या दुकानात जुना माल नव्या पाकिटात भरत्यात. मॅनेजरला उचला."

अन्न सुरक्षा अधिकारी बाईंना घेऊन आम्ही भोरला गेलो. त्यांनी गोदाम तपासलं, त्याच खेपेच्या हळदीचे नमुने पंचांसमक्ष सीलबंद केले. माझे हवालदार कोपरे धुंडाळून आले आणि कानाशी म्हणाले, "साहेब, हितं उंदीर बी पाय पुसून येत असंल."

व्यवस्थापक भोरमधल्याच एका मुस्लिम कुटुंबातले, पन्नाशीचे गृहस्थ. बाहेर जमाव त्यांच्या अटकेची मागणी करत होता आणि कंपनीने त्यांना निलंबनाची तंबी दिली होती. मी बराच वेळ विचारपूस केली. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं नवीन सांगतो. हे गृहस्थ दर वेळी एकच सांगत होते.

"साहेब, पाकीट आमचंच आहे. पण आतली हळद आमची नाही."

"हे कसं होईल?"

"ते मला नाही सांगता येत. माझ्या घरी हीच हळद जाते, एवढं सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. घरातली म्हातारी ठाम होती. "पाकीट म्या सोता आणलंय भोरास्नं."

"आजी, ते घरात कुठं ठेवलं होतं, तेवढं दाखवा."

मला वाटलं, त्या चुलीकडे जातील. त्या देवाच्या कोपऱ्यात गेल्या. "हितं. देवाफुडं."

"स्वयंपाकाची हळद देवापुढे?"

"सैपाकाची कशी आसंल? जत्रंतला भंडारा हाय त्यो. कागदाच्या पुडीला सर्दी लागती. चांगलं जाड पाकीट रिकामं झालं, त्यात भरला."

देवावर उधळायचा भंडारा खाण्यासाठी नसतो, त्यात बऱ्याचदा रंगही मिसळलेला असतो. दारात उभी असलेली नवी सून एकदम रडू लागली. "चुलीपाशी हळद गावंना. पाहुणे बसल्याले. पाकिटावर हळद लिवलंय, म्हून घातली."

आजींनी तिला जवळ ओढलं. "साहेब, पोरीला बोलू नगा. हिला कुनी सांगितलंच न्हाई." मग डोळे पुसत स्वतःच हसल्या, "देवाची हळद खाल्ली, देव न्हाई पावला, दवाखाना पावला."

सगळे आजारी बरे होऊन घरी परतले. प्रयोगशाळेचा अहवाल आला. दुकानाचे नमुने शुद्ध होते, रंग फक्त देवापुढच्या पाकिटात निघाला. निलंबन टळलं. व्यवस्थापकांनी घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा माझ्या हाती दिला. "आजींना द्या. देवाच्या भंडाऱ्यासाठी." डबा पोचवला, तेव्हा आजींनी तो कपाळाला लावला. म्हणाल्या, "त्यांस्नी म्हनावं, जत्रंला या."

ते जत्रेला गेले, असं नंतर कळलं.

पाकिटावरचं नाव म्हणजे आतल्या वस्तूचा पुरावा नव्हे, हे मी तिथे शिकलो. माणसांच्या बाबतीतही पुढे ते उपयोगी पडलं. खरं तर आमच्या घरी ते आधीपासून डोळ्यांसमोर होतं. बिस्किटांच्या डब्यात मेथ्या, कॉफीच्या बरणीत जिरं. गेल्या वर्षी पत्नी गेली. आता स्वयंपाक मीच करतो. तिचा एकही डबा बदललेला नाही. झाकण उघडतो, वास घेतो, मगच चमचा घालतो.