विचारलं तेवढंच

गोकुळदास खनिजाच्या ट्रकवर वीस वर्षं ड्रायव्हर होता आणि डिचोलीत त्याची ख्याती एकच: हा मेला तरी खोटं बोलणार नाही. प्रवचनाला आलेल्या बुवांनी एकदा सांगितलं, सत्य दोन तऱ्हेचं, व्यवहारातलं आणि परमार्थातलं. गोकुळदास ताडकन उठला. "बुवा, खरां ता खरांच. त्येका दोन घरां कशाक?" बुवा नुसते हसले. त्यांनी त्याच वेळी त्याला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच महिन्यात धक्क्यावर ट्रकांच्या रांगेत यशवंतने आपला ट्रक मध्येच घुसवला. गोकुळदासचा धाकटा भाऊ शंभू हटकायला गेला, तर यशवंतने त्याला खाली आपटलं, छातीवर बसला आणि गळा आवळला. शंभूचे डोळे पांढरे झाले. चाक खोलायची लोखंडी टॉमी हाताला लागली ती शंभूने फिरवली. यशवंतची कवटी फुटली, तो जागीच गेला. गोकुळदासने सगळं केबिनमधून पाहिलं. धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

यशवंतचे भाऊबंद कोयते घेऊन आले. गावकऱ्यांनी सगळ्यांना देवळात नेलं. तिथली प्रमाणाची, म्हणजे देवासमोर शपथ घ्यायची, रीत अशी: नारळावर हात ठेवायचा, विचारलं तेवढंच सांगायचं, वर एक शब्द जोडला तर प्रमाण बाटलं. साक्षीला गोकुळदासने नारळावर हात ठेवला आणि शंभूचा जीव भांड्यात पडला. दादा सांगणार, मग भीती कसली?

"यशवंताक कोणी मारल्यान?" गावकऱ्यांनी विचारलं.

"शंभून."

पुढचा प्रश्न येईल म्हणून गोकुळदास थांबला. प्रश्न आला नाही, कोयते आले. पायऱ्यांवर रक्ताचा सडा पडला. शंभू "दादा, दादा" म्हणून ओरडत होता आणि पुजाऱ्याने सांगितल्याशिवाय हात काढायचा नसतो म्हणून या शहाण्याने नारळावरचा हात काढला नाही.

शंभूच्या तेराव्याला त्याची बायको सुमंगला गोकुळदाससमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, ह्यांचो गळो कोणी आवळलेलो?"

"यशवंतान."

"मगे देवळात ता कित्याक सांगूक नाय?"

"माका कोणी विचारूक नाय."

सुमंगलाने त्याची कॉलर धरली, भिंतीवर त्याचं डोकं दोनदा आपटलं. त्याने हात वर केला नाही.

"आता मी विचारतंय. माझ्या घोवाक कोणी मारल्यान?"

गोकुळदासने क्षणभरही वेळ लावला नाही.

"मिया," तो म्हणाला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.