एकोणिसावं मृत्युपत्र

मरणाची इतकी जय्यत तयारी करून इतक्या सावकाशीने गेलेला माणूस अख्ख्या नेरुळमध्ये दुसरा सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या माहितीत एकोणीस मृत्युपत्रं केली आणि त्यातल्या अठरांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. जन्मभर चित्रकला शिकवली, पण कागदावर माझ्या हाताला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

काका महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. वस्तू आहे म्हणजे ती कोणाच्या तरी नावावर हवी, हा त्यांचा धर्मच. बायको गेल्यावर त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला वारसाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मिक्सर आधी पुतण्याचा होता. तो गणपतीला आला नाही म्हणून मेव्हण्याचा झाला, मेव्हणा राजकारणावर वाद घालून गेला तेव्हा परत पुतण्याचा. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चढून मिक्सर बोहल्यावरच्या नवऱ्यासारखा दिसू लागला. चहा करायचा तरी कप निवडताना वारसांचा विचार करावा लागे. एकदा मी चुकून पुतणीच्या कपातून चहा घेतला. काका म्हणाले, "प्या, पन जपून. तिचा हाय तो."

कायद्याची त्यांना भारी हौस. खाडीपलीकडे मुंबईत मृत्युपत्र केलं तर प्रोबेटसाठी, म्हणजे ते खरं ठरवून घ्यायला, कोर्टाची पायरी चढावी लागते, इकडे तशी सक्ती नाही, असं त्यांना कोणा वकिलाने तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सांगितलं होतं. तेव्हापासून मृत्युपत्राची फाईल घेऊन त्यांनी वाशीचा पूल ओलांडला नाही. फाईल नसतानाही ते शक्यतो ओलांडत नसत, न जाणो. बँकेच्या आणि विजेच्या बिलाच्या कामांसाठी त्यांनी मला रीतसर मुखत्यारपत्र करून दिलं होतं आणि वर बजावलं होतं, "मी जित्ता हाय तोवरच बरं का, मास्तर. मी गेलो की तुमची मुखत्यारी खलास."

मृत्युपत्राचा दिवस बहुधा रविवार. साक्षीदार दोन लागतात, म्हणून मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर जायचो. काकांनी सकाळी उठून शिरा केलेला असे. मग ते सगळं मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवत. बदल एवढासाच असायचा. कॅनडातल्या मुलीचा फोन दोन आठवडे आला नाही की फ्लॅट पुतण्याला जायचा, फोन आला की पुढच्या रविवारी परत मुलीला. तिच्या हातून हा फ्लॅट किती वेळा गेला आणि किती वेळा परत आला, याचा त्या बिचारीला पत्ताही नव्हता. सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले की एकदाच काय ते पक्कं करा आणि नोंदवून टाका. काकांनी त्यांच्या ताटलीत आणखी शिरा वाढला. "नोंदवतो की," ते म्हणाले. "मग तुमी कशाला याल?"

सेक्रेटरी हसले. मीही हसलो. माझीही बायको गेलेली, मुलगा बंगळुरात, तरी मला ते तेव्हा कळलं नाही.

एकोणिसाव्या वेळी मी सवयीने पेन खिशात घालून वर गेलो. आत सेक्रेटरींच्या शेजारी कोपऱ्यावरचा औषधवाला बसला होता. काका दारातच आडवे आले. म्हणाले, "मास्तर, या वेळी तुमची सही नको."

मला फार लागलं ते. अठरा वेळा चाललेली माझी सही आता का चालू नये? मी तसाच खाली आलो आणि वर जाणं सोडलं. संध्याकाळी चहाला बोलवायचं तर काका गॅलरीत काठी आपटायचे. ती वाजायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. असे तीन आठवडे गेले. मग एक दिवस काठी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची कामवाली माझ्याकडची चावी मागायला आली, काका दार उघडत नाहीत म्हणाली. मुखत्यारी खलास झाली होती.

मुलगी आली. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर मृत्युपत्राचं पाकीट फोडलं. फ्लॅट मुलीला, मिक्सर शेवटी पुतण्यालाच. सर्वांत खाली काकांच्या हातचं एक कलम होतं: "गॅलरीतल्या दोन खुर्च्या खालच्या मास्तरांना. एकीवर त्यांनी बसावं, दुसरीवर कुणाला तरी बोलवावं. ज्याला द्यायचं त्याचीच साक्ष घेऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून सही घेतली नाही. आधी सांगितलं असतं तर मास्तर नको म्हणाले असते. राग मानू नये."

मी राग मानला होता, आणि तो गेला हे सांगायला आता वर कोणी नाही. याचं मला रोज वाईट वाटतं.

खुर्च्या माझ्या गॅलरीत आहेत. माझ्या नावाच्या चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात मीही मृत्युपत्राचा कागद लिहून काढला. मुलाशिवाय द्यायचं कोणाला, चार ओळींत संपला. पण साक्षीदार दोन लागतात. रविवारी सेक्रेटरी आणि औषधवाला येतो म्हणालेत, आणि मी काल रवा आणून ठेवलाय.