बीपीची गोळी आणि हळदीचं दूध

आमचे हे तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि ह्यांच्यासोबत ह्यांची झोपही निवृत्त झाली. नोकरीत असताना भर दुपारी फायलीवर डोकं टेकून झोपणारा हा माणूस, आता अंथरुणात नुसता कूस बदलायचा. शेवटी आमच्या लोहाऱ्यातल्याच एका डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. कसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बीपीच्या." बीपीच्या तर बीपीच्या, मी कशाला खोलात शिरू.

पण ह्यांचे तारवटलेले डोळे बघून मला दया यायची. अणदूरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं अश्वगंधा आणि जटामांसीचं चूर्ण करून दिलं. तिच्या झाडपाल्याला हे "तुझ्या बहिणीचं संशोधन" म्हणून हसायचे. सांगून घेतलं असतं होय! मग मी जेवणानंतरच्या हळदीच्या दुधात अर्धा चमचा गुपचूप ढवळायला लागले. वास येऊ नये म्हणून गूळ जरा सढळ हातानं.

आठ दिवसांत गुण आला. हे बिनघोर घोरायला लागले. मी मनात म्हणायचे, बघा माझ्या बहिणीचं संशोधन! हे मनात म्हणत असणार, काय गोळी आहे! दोघंही आपापल्या जागी खूश. सकाळी ह्यांची जीभ जड असायची, ब्रश तोंडात धरून मोरीपाशी पेंगायचे. मला वाटायचं, उभ्या जन्माची झोप भरून काढायलेत, काढू दे. आणि अर्ध्याचा मी पूर्ण चमचा केला. लई शहाणी मी!

ह्यांना घरात एकच ड्युटी होती, पहिलीतल्या नातीला स्कूटीवरून शाळेत सोडायची. ती पुढं, ह्यांच्या दोन हातांच्या मधे उभी राहायची. एका सकाळी चांगल्या सरळ रस्त्यावरून स्कूटी तिरपी होत गेली ती कडब्याच्या गंजीत शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नात तर कडब्यातून हसतच उठली. "कुत्रं आडवं आलं," ह्यांनी गल्लीभर सांगितलं. मी मात्र ह्यांना धरून त्याच डॉक्टरांकडं नेलं.

"झोपेच्या गोळीनं सकाळी सुस्ती राहते का?" डॉक्टरांनी विचारलं.

झोपेच्या? मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलेले.

"तुला सांगितलं असतं, तर गल्लीला कळलं असतं," हे पुटपुटले. कळलं असतं, खोटं कशाला बोलू.

मी तोऱ्यात पदर सावरला, तोच डॉक्टर माझ्याकडं वळले. "घरातलं दुसरं काही औषध?"

"औषध? छे!"

"औषध नाही हो मावशी. चूर्ण, काढा, ताकदीची पावडर, दुधातून काही?"

दूध म्हटल्यावर मी चमच्यासकट सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर आळीपाळीनं आमच्याकडं बघत राहिले. "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" मग मात्र गंभीर झाले. झोपेच्या गोळीवर हे चूर्ण म्हणजे सुस्तीवर सुस्ती. चूर्ण आजपासून बंद. पण गोळी आपल्या मनानं एकदम सोडायची नाही, ती डॉक्टरच बघून हळूहळू कमी करतील. इथून पुढं पोटात जाणारं काहीही आधी त्यांना दाखवायचं. आणि ते हो म्हणेपर्यंत स्कूटीला हात लावायचा नाही.

घरी आल्याआल्या ह्यांनी वाद घातला. "चूर्ण बंद झालं ना? मग सोमवारपासून मीच सोडणार पोरीला. कुत्रं आलं, त्याला मी काय करू?"

नात शेजारीच चित्र रंगवत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "कुत्रं कुठं होतं आजोबा? तुम्ही माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मला वाटलं, लाड करायलेत."

मला तर रडूच फुटलं, कारण पूर्ण चमचा माझ्याच हातचा होता. ह्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"डॉक्टर म्हणेपर्यंत देऊ नकोस," हे म्हणाले. "मी मागितली तरी."