केसातली राख

"केस सोड."

शेडच्या दारात निळा प्लास्टिकचा टब. टबापलीकडे खुर्ची टाकून शेठ बसलेला. बाजूला मुकादम. समोर वारंगा फाट्याकडे जाणारा रस्ता, आणि हॉटेलपाशी चहा पीत उभे असलेले ट्रकवाले. सगळे आमच्याकडेच बघत होते. मी तेव्हा नुकती वयात आले होते. मी मायकडे पाहिलं. मायनं मान खाली घातली आणि स्वतःचा अंबाडा सोडला. मग मीही वेणी सोडली. वाकले. मुकादमानं माझ्या केसांत बोटं घातली आणि ते टबात खळबळून काढले, घोंगडी धुवावी तसे.

"पिळ नीट," शेठ म्हणाला. "थेंब बी बाहेर न्यायचा न्हाई."

काय होतं केसांत? सोनं. थट्टा नाही, खरंच सोनं.

आमचं घर झारेकऱ्यांचं. हिंगोलीच्या सराफ्यात सोनारांच्या दुकानातला केर आणि मोरीतला गाळ विकत घ्यायचा, परातीत धुवायचा, त्यातले कण काढायचे, हेच काम आमच्यात पिढ्यान्पिढ्या चाललेलं. माझा बाप गेला आणि केर मायला मिळेना. बाई माणसाला कोण केर विकतो! अशात दोन हजार सालाच्या पुढेमागे हा भंगारवाला शेठ मोठ्या शहरांतून मोडीत निघालेले कॉम्प्युटर ट्रक भरभरून आणू लागला. त्यातल्या हिरव्या बोर्डांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, काळ्या चिपांच्या पोटात केसाहून बारीक सोन्याची तार असते. चिपा जाळायच्या, राख कुटायची, परातीत धुवायची. बोर्डांच्या कडेचे सोनेरी दात पकडीनं कापून तेजाबात टाकायचे. तांबडा धूर उठायचा, घसा जळायचा. धुणाऱ्या बाया कुठून आणायच्या? झारेकऱ्यांच्या. आम्ही आयत्याच मिळालो.

आणि टबाची अक्कल शेठची नव्हती. ती मायची.

पहिल्याच आठवड्यात माय त्याला म्हणाली, "मालक, राख उडून केसात बसती. त्यात बी माल असतो. घरी जाताना आमी हितंच केस धुवत जाऊ."

आमच्यात असंच करतात. दुसऱ्याच्या केरातला कण आपल्या अंगावर घरी नेणं म्हणजे चोरी. मायला वाटलं, मालकाला आपलं इमान कळेल, चार शब्द बरे बोलेल. दुसऱ्या दिवशी टब आला. आणि टबाबरोबर मुकादमाचा हात आला. बाप्यांनी टोपी झटकली की सुट्टी. बाया मात्र रोज रांगेत, केस मोकळे सोडून, रस्त्याकडे तोंड करून. तो हात मानेवरून खाली सरकायचा. मी मायला विचारलं, "तू काहून सांगितलंस त्याला?" ती म्हणाली, "मला काय ठावं बाई, इमानाचं असं होतं म्हणून." मला तिचा राग यायचा. शेठपेक्षा तिचा जास्त यायचा, हे लिहिताना आजही जीव तुटतो.

काही वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी तेजाबाची बादली चिरली. माय वाकून दात ढवळत होती. तेजाब उसळून तिच्या तोंडावर आलं.

तिची किंकाळी मी आजवर कुणाला ऐकवू शकलेली नाही. ती आंधळ्यासारखी धावली, हाताला लागलं ते पहिलं पाणी म्हणजे दारातला टब. त्या राखेच्या पाण्यात तिनं तोंड खुपसलं. ओंजळीनं डोळ्यांवर मारू लागली. पाणी बाहेर उडू लागलं.

शेठ उठला. मला वाटलं, धावला.

"अय! पाणी सांडू नको!" तो ओरडला. "टबातच धू, टबात!"

मी पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून मायच्या तोंडावर ओतला. तिला उठवलं. तिचे केस सुटले होते, निथळत होते. मी तिला रस्त्याकडे न्यायला लागले तर मुकादम आडवा आला. मागून शेठचा आवाज: "आधी केस पिळून घे तिचे."

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी जळालं आणि जे उरलं ते माझं मलाच नवं होतं.

"न्हाई पिळत," मी म्हणाले. "बाजूला सर."

पहिल्यांदाच मी मुकादमाला अरेतुरे केलं. तो सरकला. पाणी डांबरी रस्त्यावर टपकत गेलं आणि मी मायला रिक्षात घातलं. मुकादमही चढला. वाटेत मायच्या कानाशी लागून समजावू लागला, "न्हाणी धुताना अ‍ॅसिड उडालं म्हणायचं. शेठ तुमाला वाऱ्यावर सोडणार न्हाईत."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं, मावशी?"

माय डोळे मिटूनच बोलली, "घरी... न्हाणी धुताना..."

जळाली होती ती, आणि तिलाच धाक होता.

"खोटं आहे," मी म्हणाले. "शेठच्या शेडात झालं. सोनं काढायच्या तेजाबानं." मुकादमानं माझा दंड आवळला. मी आणखी मोठ्यानं तेच सांगितलं. वॉर्डातली माणसं वळून बघू लागली.

मायचा एक डोळा गेला. शेठचं काही बिघडलं नाही. चौकशी आली, शेड थोडे दिवस बंद राहिलं, पुन्हा सुरू झालं. गल्लीतल्या बाया मला म्हणाल्या, "आमच्या पोटावर पाय दिलास." त्यांच्यातली एकही साक्षीला आली नाही. मायनं कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की मी मालकाचं नाव घ्यायला नको होतं.

मला तसं वाटत नाही. शेठला आता गावात मान आहे, लग्नाकार्यात त्याला पुढची खुर्ची मिळते. मीही त्या कार्यांना जाते. कुणी सोडून द्या म्हणतं, झालं गेलं म्हणतं. मी काही सोडणार नाही. मायच्या डोळ्याचं काय झालं असं कुणी विचारलं, की मी भर मांडवात त्या खुर्चीकडे बोट दाखवते आणि मोठ्यानं सांगते. तो उठून जाईपर्यंत सांगते. तो जिथे बसेल तिथे मी सांगणार.