रोशनीचं गॅपचं वर्ष

विद्यापीठाचा मेल आदल्या संध्याकाळीच येऊन पडला होता. मी वाचला सकाळी दहाला, ऑफिसचं शटर उघडल्यावर. रोशनीची व्हिडिओ मुलाखत त्या दिवशी दुपारी दीडला होती, हे आधीच ठरलं होतं. नवीन एवढंच होतं की मुलाखतीत तिच्या अनुभवपत्राबद्दल विचारणार होते आणि त्यानंतर ते पत्र देणाऱ्या संस्थेला फोन करणार होते.

अनुभवपत्र खोटं होतं. मीच ते करवून घेतलं होतं.

भंडाऱ्यात माझं परदेशी शिक्षणाचं ऑफिस आहे. मुलांचे अर्ज भरणं, कागद जुळवणं, व्हिसाची फाइल लावणं, हे माझं काम. या धंद्यात 'गॅप' नावाची एक भीती असते. पदवी आणि पुढचा अर्ज यांच्यात एखादं वर्ष रिकामं दिसलं की विद्यापीठ विचारतं, तेव्हा काय करत होतात? आम्ही ते वर्ष आधीच भरून टाकतो. ओळखीच्या एखाद्या संस्थेच्या लेटरहेडवर 'यांनी आमच्याकडे काम केले' असं लिहून आणतो. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत आले होते.

रोशनी आंबागडची. तुमसरला बी.कॉम. झाली आणि माझ्या लेखी एक वर्ष घरीच होती. तिला नेदरलँड्समधला एक एम.ए.चा कोर्स हवा होता. पूर्व आशियातले उद्योग, तिथली भाषा आणि समाज, असं तिन्ही एकत्र शिकवणारा. त्यातले सहा महिने दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये. शिष्यवृत्तीसकट जागा मिळाली तरच जाणं शक्य होतं, आणि ती एकाच मुलाखतीवर ठरणार होती. मी तिच्या गॅपवर एका कॉम्प्युटर क्लासचं पत्र लावलं. हुद्दा लिहिला बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह. त्या क्लासमध्ये चार खुर्च्या आणि एक प्रिंटर आहे.

मी क्लासवाल्या विनोदला फोन लावला. फोन आला तर काय बोलायचं ते समजावू लागले. त्याने मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"मॅडम, मले इंग्रजीत विचारलं तर मी काय सांगू? माझं नाव काढा त्याच्यातून."

साडेअकराला रोशनी आणि तिचे वडील टेकचंदभाऊ आले. गावात नेट टिकत नाही म्हणून मुलाखत माझ्याच ऑफिसातून द्यायची होती. टेकचंदभाऊ धान पिकवणारे, कमी बोलणारे. ते भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. मी दार लावून घेतलं आणि मेलमध्ये काय आहे ते सांगितलं. मग लगेच तयारीला लागले. रुजू झाल्याची तारीख, कामाचे तास, वरिष्ठांचं नाव. रोशनीला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने तारीख वेगळी सांगितली. मी चिडले. एवढं साधं पाठ होत नाही का, असंही बोलून गेले. आज ते आठवलं की लाज वाटते.

ती म्हणाली, "मॅडम, मी तवाच म्हटलं होतं, मी आंधळगावले मामाकडं होती म्हणून. तुम्ही म्हणाल्या, कोणी विचारत नाही."

टेकचंदभाऊ पहिल्यांदाच बोलले.

"हे कागद तुम्हीच लिवले ना जी? मंग आता पोरीले काहून पुढं करून राहिले?"

आवाज चढलेला नव्हता. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. खोटं पत्र पकडलं गेलं तर तिचा अर्ज फेटाळला जाणार होता आणि पुढे व्हिसाच्या प्रत्येक फॉर्मवर तिला ते लिहावं लागलं असतं. माझं काय गेलं असतं? एक फाइल. फार तर त्या विद्यापीठाशी असलेला संबंध.

बाराला मी मेल लिहायला घेतला. पत्र खरं नाही, ते मी मिळवलं, कृपया ते अर्जातून काढावं. शेवटी एक वाक्य मनाने घातलं, की विद्यार्थिनीला याची कल्पना नव्हती. तिला वाचवायला. रोशनीला वाचून दाखवला नाही. एकला दहा मिनिटं असताना पाठवून दिला.

दीडला स्क्रीनवर एक पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाई आल्या. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले. बाईंनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या नाहीत. तुझ्या एजंटचा मेल वाचला, म्हणाल्या. तुला त्या पत्राची कल्पना नव्हती, हे खरं आहे का?

रोशनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सावकाश, मोडक्यातोडक्या नाही पण जपून बोललेल्या इंग्रजीत म्हणाली की मला माहीत होतं. मी वाचलं होतं. हे खरं नाही असं मी म्हटलंही होतं, तरी अर्जावर सही केली. ती माझी चूक आहे.

संपलं, असं वाटलं. बाई खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या. टेकचंदभाऊंना इंग्रजी कळत नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होते आणि मला तोंड लपवता येत नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, त्या वर्षात तू खरं काय केलंस?

रोशनी सांगू लागली. आंधळगावात मामाचे कोशाच्या रेशमी साड्यांचे माग आहेत. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्याला, ते कोरियाहून आलेलं सूत वापरतात. त्या वर्षी एका खेपेचं सूत सारखं तुटत होतं. व्यापारी कानावर हात ठेवत होता. हिने मोबाइलवर कोरियन शिकायला सुरुवात केली होती, मालिका बघता बघता. पुड्यावरचा पत्ता वाचून तिने थेट तिथल्या कंपनीला कोरियनमध्ये पत्र लिहिलं. उत्तर आलं. ते इतकं नम्र होतं की सूत बदलून देणार की नाही, हे तिला आणि मामाला चार वेळा वाचूनही कळलं नाही. शब्द सगळे समजले होते, म्हणाली, माणसं समजली नव्हती. ती समजून घ्यायला मला हा कोर्स हवा आहे.

दोन महिने ही मुलगी माझ्या ऑफिसात येत होती. ती मामाकडे होती, यापलीकडे एक अक्षर मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तिच्या अर्जात मी जागतिक पुरवठा साखळीवर दोन पानं लिहिली होती.

बाईंनी ते उत्तर जवळ आहे का विचारलं. रोशनीने मोबाइलमधून काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. बाईंनी वाचलं. हसल्या नाहीत. सूत बदलून द्यायला त्यांनी नकार दिलाय, एवढंच म्हणाल्या, आणि कळवू म्हणून कॉल बंद केला.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी आधी मेल उघडायची. काही येत नव्हतं. शेवटी फोन आला तो टेकचंदभाऊंचा.

"पोरीचं झालं जी. स्कॉलरशिप बी भेटली. अर्ज तिलेच नव्यानं लिवाले लावला होता." मग म्हणाले, "अन् त्याइनं सांगितलं, आता एजंटकडून काही पाठवू नका."

मला विद्यापीठाचं वेगळं पत्र आठवडाभराने आलं. माझ्या ऑफिसमार्फत आलेले अर्ज यापुढे घेतले जाणार नाहीत, असं तीन ओळींत.

रोशनी आता तिथे शिकते आहे. मी कोणाच्याही गॅपवर पत्र लावत नाही, त्या वर्षी काय केलं ते विचारते आणि तेच लिहिते. एखाद्या पालकाने नेमकं त्याच विद्यापीठाचं नाव घेतलं, तर तिथे माझ्याकडून अर्ज का जात नाही, हे मी सगळं सांगते. काही जण ऐकून उठून जातात. जे बसून राहतात, त्यांची फाइल मी उघडते.